चार्जला मराठीत काय म्हणतात?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर काकांच्या मोबाईलवर बँकेचा मेसेज आला. काकांची शेती सांगली जिल्ह्यात. चार एकर, त्यातला निम्मा ऊस, आणि पीककर्ज दरवर्षीचं. मेसेज मराठीत होता, म्हणजे निदान देवनागरीत तरी होता: ‘आपल्या मालमत्तेवर शुल्क तयार करण्यात आले आहे.’ काकांनी तो दोनदा वाचला, काकूला वाचून दाखवला आणि दुसऱ्या दिवशी पाचशेच्या दोन नोटा खिशात घालून शाखा गाठली.

‘‘साहेब, शुल्क किती ते सांगा, भरून टाकतो. उगीच त्याच्यावर व्याज चढाय नको.’’

काउंटरवरच्या तरुणाने मेसेज बघितला आणि हसला. ‘‘अहो काका, भरायचं काही नाही. तुमच्या सात-बाऱ्यावर कर्जाचा बोजा चढवलाय, तेवढंच.’’

‘‘मग बोजा म्हणा की! बोजा कळतोय मला. तीस वर्षं चढतोय आन् उतरतोय.’’

मूळ इंग्रजी वाक्यात ‘चार्ज’ हा शब्द असणार हे सांगायला नको. यंत्राने, किंवा यंत्राच्या चालीने काम करणाऱ्या एखाद्या माणसाने, त्याचा पहिला सापडलेला अर्थ उचलून बसवला. काकांचं नुकसान एसटीच्या तिकिटापुरतं झालं. पण उलटं झालं असतं तर? म्हणजे ‘शुल्क तयार झालं’ हे वाचून त्यांनी दुर्लक्ष केलं असतं, आणि जमीन कुणाकडे तरी गुंतली आहे हे वाटणीच्या वेळी कळलं असतं तर? गावोगावच्या चावडीत अशी प्रकरणं बघितलेली माणसं हसणार नाहीत.

मला या शब्दाचं कौतुकही आहे. लॅटिनमध्ये गाडीला ‘कारुस’ म्हणत, गाडीवर माल लादणं ही मूळ क्रिया. कार, कार्गो, कॅरी ही सगळी याच घरातली भावंडं. चार्ज म्हणजे लादणे. बंदुकीत दारू लादली, चार्ज. माणसावर जबाबदारी लादली, चार्ज. गुन्ह्याचा ठपका लादला, चार्ज. जमिनीवर कर्ज लादलं, गिऱ्हाइकावर रक्कम लादली, तरी चार्जच. अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिन आणि त्याच्या काळचे प्रयोगकर्ते लायडनच्या बरणीत वीज साठवायला लागले तेव्हा त्यांनाही हाच शब्द जवळचा वाटला. एका बैलगाडीतून केवढा पसारा निघाला!

आणि गंमत म्हणजे मराठीनेही हे ओझं तसंच उचललं आहे. कार्यभार, अधिभार, प्रभार यांत भार उघड दिसतो. बोजा तर सरळच ओझं. ‘आरोप’ म्हणजेही वर ठेवणं, रोवणं. वृक्षारोपण आणि आरोप यांचं मूळ एकच, हे वनमहोत्सवाच्या भाषणात कुणी सांगत नाही एवढंच. इतकंच काय, आपण ‘आभारी आहे’ म्हणतो त्यातही भार आहेच. म्हणजे कल्पना दोन्ही भाषांची सारखी. फरक असा, की इंग्रजीने सगळी ओझी एकाच पोत्यात भरली आणि मराठीने प्रत्येकाचं गाठोडं वेगळं बांधलं.

एका शब्दाला दहा अर्थ असणं हा काही दोष नव्हे. आपलं ‘भरणे’ घ्या. पाणी भरतात, पैसे भरतात, फॉर्म भरतात. शाळा भरते, बाजार भरतो, हुडहुडी भरते. माणूस रागे भरतो, कुणाला दम भरतो, बाईचे दिवस भरतात आणि पापाचा घडाही भरतो. एखाद्या इंग्रज माणसाला ‘भरणेला इंग्रजीत काय म्हणतात’ असं विचारलं तर तो आधी विचारेल, काय भरायचंय? हाच प्रश्न आपण चार्जबद्दल विचारत नाही. आपण विचारतो, ‘चार्जला मराठीत काय म्हणतात?’ आणि एका शब्दाचं उत्तर मिळालं की तो शब्द सगळीकडे चिकटवून मोकळे होतो. माझा आक्षेप या प्रश्नावर आहे.

साध्या माणसांचा या बाबतीत कधी गोंधळ होत नाही. खेड्यातला शेतकरी मोबाईलला रिचार्ज मारतो आणि विहिरीचं पुनर्भरण करतो. इंग्रजीत दोन्ही रिचार्जच. ‘विहिरीला रिचार्ज मारला’ असं मी अजून ऐकलेलं नाही, आणि ‘मोबाईलचं पुनर्भरण’ म्हणणारा भेटला तर तो माणूस शासकीय पत्रक लिहिणारा असणार असं मी समजेन. दवाखान्यातून डिस्चार्ज मिळतो, पण धरणातून विसर्ग होतो. खडकवासल्यातून मुठेत इतके हजार क्युसेक विसर्ग, ही पावसाळ्यातली बातमी नदीकाठच्या वस्तीतल्या बाईलाही कळते. सामान उचलायचं की नाही हे ती या एका शब्दावर ठरवते. ‘विसर्ग’ हा शब्द काही बोलीतला नव्हे, चांगला जड संस्कृत शब्द आहे, आपण तो शाळेत दोन टिंबांपुरता शिकलो. तरी रुजला, कारण तो एकाच अर्थाला बांधला गेला, दर पावसाळ्यात कानावर पडला आणि त्याच्यावर लोकांची घरंदारं अवलंबून होती.

विजेचं बिलही असंच. लोक त्याला नावं ठेवतात, आकड्यांसाठी ठेवावीतही, पण भाषा बघा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, आणि त्याखाली वीज शुल्क. आकार कंपनीचा आणि शुल्क सरकारचं. घरगुती ग्राहकाला ते १६ टक्के लागतं आणि सरकारी तिजोरीत जातं. पैसा कुणाकडे चालला आहे हे शब्दच सांगतो. ‘आकार’ हा शब्दही बिल छापायचं म्हणून कुणी बसून घडवलेला नाही. जमीन महसुलात तो पूर्वीपासून आहे. आकारणी, आकारबंद, आकारफोड हे शब्द तलाठ्याच्या दप्तरात मुरलेले. त्या दप्तरातून तो बिलावर आला आणि शेतकऱ्याला परका वाटला नाही. (तलाठ्याचं पदनाम २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी झालं. लोक अजून तलाठीच म्हणतात आणि म्हणत राहतील.)

म्हणजे मराठीकडे शब्द नाहीत ही ओरड इथे तरी खोटी आहे. असलेले शब्द जागच्या जागी वापरायची जबाबदारी कुणाची, हे ठरलेलं नाही. आणि ते न ठरल्याने जिथे पैसा, जमीन आणि माणसाची मोकळीक गुंतलेली आहे तिथे घोटाळे होतात.

सगळ्यात मोठा घोटाळा पोलीस ठाणे आणि कोर्ट यांच्या मधल्या वाटेवर आहे. इंग्लंडमध्ये एखाद्याला ‘चार्ज’ करतात ते पोलीस ठाण्यात, खटल्याच्या आधी. आपल्याकडे त्याच शब्दाचे दोन तुकडे दोन वेगळ्या जागी पडले. तपास संपला की पोलीस कोर्टात जे देतात ते ‘चार्जशीट’. पुढे न्यायाधीश कागदपत्रं बघून, दोन्ही बाजू ऐकून, खटला चालवण्याजोगं काही आहे असं वाटलं तर ‘चार्ज’ ठरवतात. आरोपीला तो वाचून दाखवून गुन्हा कबूल आहे का असं विचारतात. पहिलं पोलिसांचं मत आणि दुसरं न्यायालयाचा आदेश. दोहोंच्या मध्ये कधी महिने जातात, कधी वर्षं. टीव्हीवर मात्र ‘चार्जशीटमध्ये नाव आलं’ की गावाचा निकाल लागलेला असतो. लग्न मोडतं, भाडेकरू असेल तर खोली सोडावी लागते.

गंमत अशी, की १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत या कागदाचं नाव साधं ‘पोलीस अधिकाऱ्याचा अहवाल’ असं होतं. तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही तो अहवालच आहे. चार्जशीट हे व्यवहारातलं नाव. आणि खुद्द ‘चार्ज’ची व्याख्या काय? एकाहून जास्त बाबी असतील तेव्हा चार्जमध्ये चार्जची कोणतीही बाब समाविष्ट आहे, अशा अर्थाची. म्हणजे चार्ज म्हणजे चार्ज. अशा व्याख्येवर हसावं की दाद द्यावी ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता मराठी बघा. सरकारी मराठीने ‘दोषारोपपत्र’ असा शब्द केला. त्यात ‘दोष’ आधी येतो, ‘आरोप’ मागून. ऐकणाऱ्याच्या कानात दोष राहतो. वर्तमानपत्रांनी तो झटकून ‘आरोपपत्र’ केलं. पत्रकारांना भाषा बिघडवल्याबद्दल रोज शिव्या बसतात, पण इथे त्यांनी सरकारपेक्षा शहाणपणा दाखवला हे मान्य करायला हवं. तरी माझ्या मते तेही पुरेसं नाही. पोलिसांच्या कागदाला ‘तपास अहवाल’ म्हणावं आणि ‘आरोप निश्चित झाला’ हे शब्द न्यायालयापुरते राखून ठेवावेत. अडचण काय आहे? बातमीचा जोर कमी होतो, ही. एवढी किंमत द्यायला हरकत नसावी.

त्याच घरातला दुसरा शब्द ‘डिस्चार्ज’. खटला उभा राहण्याआधीच, आरोप ठरवण्याइतकंही काही नाही म्हणून न्यायालय एखाद्याला सोडतं, तेव्हा आपण छापतो ‘दोषमुक्त’. पुरावा तपासून, साक्षी होऊन कुणी सुटला तर ‘निर्दोष’. वाचणाऱ्याला या दोन शब्दांत फरक दिसत नाही, आणि का दिसावा? पहिल्याला ‘आरोपमुक्त’ म्हटलं की झालं. आरोपच उरला नाही, हे त्यात सरळ आहे.

आता लाठीचार्ज. हा शब्द इंग्रजीला आपणच दिलेला, अर्धा आपला अर्धा त्यांचा. त्यातला चार्ज घोडदळाचा, शत्रूवर तुटून पडण्याचा. आपल्याकडे येताना त्याची धार गेली आणि तो एक कार्यालयीन प्रकार झाला, पंचनामा किंवा बंदोबस्तासारखा. मराठीत ‘लाठीमार’ हा रोखठोक शब्द आहे. त्यात मार आहे आणि तो कुणाला तरी बसतो. पण त्याच्याआधी ‘सौम्य’ लावायची टूम कुणी काढली देव जाणे. ‘जमाव पांगवण्यासाठी पोलिसांनी सौम्य लाठीमार केला.’ लाठी सौम्य की मार सौम्य? ज्याचा हात मोडला त्याला विचारून हे विशेषण लावलेलं नसतं. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात विधिमंडळाचं अधिवेशन चालू असताना गोवारींच्या मोर्चावर लाठ्या चालल्या, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली, त्यांत बायका आणि लेकरंही होती. त्या दिवसानंतर तरी ‘सौम्य’ हा शब्द या क्रियेला लावताना लेखणी अडखळायला हवी होती. नाही अडखळली.

हॉटेलच्या बिलावरच्या सर्व्हिस चार्जबद्दल फार लिहायला नको. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तो आपोआप बिलात घालू नये असं सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते मार्गदर्शक नियम कायम ठेवले. पण त्याआधी कित्येक वर्षं लोक तो निमूट देत आले, कारण सर्व्हिस चार्ज आणि सर्व्हिस टॅक्स या दोन ओळी एकाखाली एक छापलेल्या असत आणि दोन्ही सरकारी वाटत. त्या ओळीत मराठीत ‘बक्षिसी, दहा टक्के, सक्तीची’ असं छापलं असतं तर पहिल्याच दिवशी भांडण झालं असतं.

‘इनचार्ज’ची गोष्ट मात्र मला जवळची आहे. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत होती. शेवटची काही वर्षं ती प्रभारी मुख्याध्यापक. इंग्रजीत इनचार्ज म्हणजे ज्याच्या हाती सगळी सूत्रं आहेत तो. मराठीत त्याचं ‘प्रभारी’ झालं आणि अर्थ जवळजवळ उलटा झाला: काम सगळं, पण खुर्ची पक्की नाही. ‘प्रभारी’ म्हटल्यावर जागा रिकामी आहे हे झाकलं जातं, एक पदनाम मिळाल्यासारखं वाटतं, आणि असा प्रभार वर्षानुवर्षं चालतो. निवृत्तीच्या आदल्या दिवशी तिने ‘चार्ज’ दिला. चार्जची यादी मी तिच्याबरोबर बसून तपासली. लोखंडी कपाट एक, किल्ल्या दोनपैकी एक. पृथ्वीगोल एक, स्टँड मोडका. पितळी घंटा एक, टोल्यासह. नकाशे अकरा, त्यातला महाराष्ट्राचा उंदरांनी कुरतडलेला. डेडस्टॉकच्या, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या, वहीतल्या प्रत्येक ओळीवर चार्ज देणारी आणि घेणारी अशा दोघींच्या सह्या. सगळं झाल्यावर ती म्हणाली, ‘‘दिला बाई एकदाचा चार्ज,’’ आणि खांदे सैल सोडले. तिच्या तोंडी तो शब्द इतका मराठी होता की त्याच्या जागी ‘कार्यभार’ घालायला मी कधीही सांगणार नाही.

म्हणून हे भाषाशुद्धीचं गाऱ्हाणं समजू नका. फोन चार्जिंगला लावा, खुशाल लावा. पाठ्यपुस्तकात विद्युत प्रभार असू द्या, पण ‘फोन प्रभारित झाला का’ असं विचारणाऱ्याशी मी बोलणार नाही. साठच्या दशकात सरकारी पदांना मराठी नावं देणारा पदनाम कोश आला तेव्हा त्याला ‘बदनाम कोश’ म्हणून हिणवलं गेलं, आणि त्यातले कितीतरी शब्द पुढे आपल्या अंगवळणी पडले. कोणता शब्द टिकेल हे आधी कुणाला सांगता येत नाही. बोलणाऱ्याने काय बोलावं यात सरकारने किंवा माझ्यासारख्याने पडू नये. माझं म्हणणं लिहून पाठवणाऱ्याबद्दल आहे: बँक, वीज कंपनी, महापालिका, पोलीस, विमा कंपनी.

यावर अनुवादाच्या धंद्यातले लोक सांगतात की प्रमाण शब्द एकच हवा, नाहीतर एकाच कंपनीच्या दोन कागदांत दोन शब्द येतील. माझी एक मैत्रीण हेच काम करते. तिला मजकूर येतो तो एक्सेलच्या तक्त्यात. एका चौकटीत एवढंच: ‘चार्ज’. मागे-पुढे वाक्य नाही, कुठल्या पडद्यावर दिसणार ते माहीत नाही, विचारायला माणूस नाही आणि पैसे शब्दाप्रमाणे. ती ‘शुल्क’ लिहिते, कारण दहापैकी सात वेळा ते बरोबर ठरतं. उरलेल्या तीन वेळा कुणीतरी काका पाचशेच्या नोटा घेऊन निघतात. आता तर ती चौकट यंत्रच भरतं, आणि तिच्याकडे फक्त ‘नजर टाकायला’ येते. एकरूपता हवी हे मला मान्य आहे, पण ती अर्थाची हवी. जमिनीवरचा चार्ज दरवेळी बोजाच, बिलावरचा दरवेळी आकारच, कोर्टातला दरवेळी आरोपच. परिभाषा कोश नीट उघडले तर त्यांतही एका इंग्रजी शब्दापुढे आकडे घालून वेगवेगळे अर्थ दिलेले असतात. आपण पहिला आकडा वाचतो आणि कोश मिटतो.

दुसरा आक्षेप वकिलांचा. कायदेशीर मजकूर इंग्रजीतच नेमका असतो, मराठीत आणला की पातळ होतो म्हणतात. इथे मला उलटच दिसतं. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा गहाण आणि चार्ज यांत फरक करतो, दोन्हींना वेगळी कलमं आहेत. तलाठ्याच्या दप्तरातही गहाणखत वेगळं, बोजा वेगळा, आणि सोसायटीच्या कर्जाचा इकरार आणखी वेगळा. चार इयत्ता शिकलेला शेतकरी हे तीन शब्द एकमेकांत मिसळत नाही. मग पातळ कोण करतं? एवढा घट्ट शब्दसाठा समोर असताना ‘शुल्क तयार झाले’ असं लिहिणारा.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंद झाला, पेढेही खाल्ले. पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखांचा अभिमान बाळगताना कालच्या मेसेजचीही थोडी लाज वाटायला हवी. माझी मागणी मोठी नाही. ज्या कागदाने माणसाची जमीन, पैसा किंवा मोकळीक बांधली जाते, त्या कागदाचा मराठी मजकूर तो व्यवहार जाणणाऱ्या मराठी माणसाने आधी मराठीत लिहावा आणि खाली त्याच्या विभागाचं नाव असावं. चुकीच्या मजकुरामुळे ग्राहकाचं नुकसान झालं तर ‘भाषांतरात फरक आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य’ या एका ओळीआड लपायची मुभा नसावी. ती ओळ मला सगळ्यात जास्त खटकते. मराठी मजकूर तुम्हीच पाठवलात, समोरच्याला इंग्रजी येत नाही म्हणूनच पाठवलात, आणि त्याने तो खरा मानला तर चूक त्याची?

काकांचा ऊस यंदा वेळेवर गेला. कर्ज फिटलं, बेबाकी दाखला मिळाला, बोजा कमी करायचा अर्जही दिला. काही दिवसांनी पुन्हा मेसेज आला: ‘आपल्या मालमत्तेवरील शुल्क मुक्त करण्यात आले आहे.’ या वेळी ते शाखेत गेले नाहीत. मला फोन करून म्हणाले, ‘‘हे काय म्हणतंय ते ऱ्हाऊ दे. तू त्या ऑनलाईनवरनं माझा सात-बारा काढ.’’ काढला. इतर हक्काच्या रकान्यात बँकेच्या नावावर आडवी रेघ होती. तेवढं वाचून दाखवलं, आणि त्यांनी फोन ठेवला.